‘वावा’ची मुदत संपते म्हणजे नेमकं काय संपतं, आणि पत्रात काय मागायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेतल्या तुमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘बायकांना संरक्षण देणारा कायदा २०२७मध्ये बंद होणार. आजच आपल्या सिनेटरला ईमेल करा.’ खाली तयार मजकूर जोडलेला. तुमची एक मैत्रीण एच-४ व्हिसावर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामागे बायकोला मिळतो तो) आहे, नवरा हात उगारतो, आणि तो मेसेज वाचून ती म्हणाली, ‘कायदाच राहणार नाही तर कशाला कुठे जायचं?’ तुम्ही स्वतः एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, मतदानाचा हक्क नाही. कायदा खरंच बंद होणार का, झाला तर तिचं काय, आणि मतदार नसलेल्या माणसाच्या पत्राला कोण विचारतो?

मी इथे वकिली करते. बहुतेक काम प्रोटेक्शन ऑर्डरचं (छळणाऱ्याला दूर ठेवणारा कोर्टाचा आदेश) आणि हिंसाचारातून सुटू पाहणाऱ्या बायकांच्या इमिग्रेशनचं. मुदतवाढीच्या काळात प्रतिनिधींच्या ऑफिसांत जाऊन बसण्याचं कामही केलंय. मेसेज पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार, पण त्यातलं पहिलं वाक्य चुकीचं आहे आणि त्याचा भुर्दंड तुमच्या मैत्रिणीला आत्ताच बसतोय. म्हणून आधी तेवढं निस्तरू, पत्राचं नंतर.

कायद्याचं नाव व्हायोलन्स अगेन्स्ट विमेन ॲक्ट. आम्ही सगळे त्याला ‘वावा’ म्हणतो. (नावात बायका असल्या तरी संरक्षण पुरुषांनाही मिळतं. हे सांगावं लागतं, कारण मार खाणारे पुरुष आमच्याकडे येतच नाहीत.) जो बायडन सिनेटर असताना त्यांनी १९९०मध्ये हे विधेयक पहिल्यांदा मांडलं आणि १३ सप्टेंबर १९९४ला अध्यक्ष क्लिंटन यांची सही झाली. त्यानंतर २०००, २००५, २०१३ आणि २०२२ अशी चार वेळा त्याला पुन्हा मंजुरी, म्हणजे मुदतवाढ, मिळाली. २०२२च्या मंजुरीची मुदत २०२७च्या आर्थिक वर्षापर्यंत आहे, म्हणजे ३० सप्टेंबर २०२७. मेसेजमधली तारीख तिथून आली.

पण मुदत कशाला आहे ते बघा. या कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आहेत: हक्क आणि पैसा. हक्क आहेत ते इमिग्रेशनच्या आणि फौजदारी कायद्यांत कायमचे बसवलेले आहेत, त्यांना मुदत नाही. अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकाने छळलेली पत्नी नवऱ्याच्या सहीशिवाय, त्याला कळू न देता स्वतःच ग्रीन कार्डचा मार्ग धरू शकते (त्या अर्जाचा नंबर आय-३६०), तो हक्क कायम आहे. एका राज्यात मिळालेली प्रोटेक्शन ऑर्डर दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांनी मानलीच पाहिजे, हे कायम आहे. अशी ऑर्डर अंगावर असलेल्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही. ही बंदीही १९९४चीच, आणि २०२४मध्ये सुप्रीम कोर्टाने रहिमी खटल्यात ती आठ विरुद्ध एक मतांनी उचलून धरली. इमिग्रेशन खात्याने अर्जदार बाईची माहिती नवऱ्याला द्यायची नाही, आणि केवळ नवऱ्याने पुरवलेल्या माहितीवर तिच्याविरुद्ध निर्णय करायचा नाही, हेही कायम आहे.

मुदत आहे ती पैशाच्या भागाला. पोलिसांचं प्रशिक्षण, कोर्टातल्या मदतनीस, माझ्यासारख्या वकिलांचा पगार, तात्पुरती घरं, इथल्या मूळनिवासी (नेटिव्ह अमेरिकन) आदिवासींच्या भागांतली केंद्रं, अशा कितीतरी अनुदानांवर ‘अमुक वर्षापर्यंत इतका खर्च करायला काँग्रेसची (इथल्या संसदेची) परवानगी आहे’ असा शिक्का असतो. ३० सप्टेंबर २०२७ला संपतो तो हा शिक्का. आणि गंमत अशी की शिक्का संपला म्हणून पैसा त्याच दिवशी थांबतो असंही नाही. दर वर्षी पैसे प्रत्यक्ष सोडणारं अर्थसंकल्पी विधेयक वेगळं असतं, आणि काँग्रेस मुदत संपलेल्या योजनांनाही पैसे देत राहू शकते. भाडेकरार संपला तरी मालक महिन्यामहिन्याने राहू देतो ना, तशातला प्रकार. राहता येतं, पण भिंतीत खिळा ठोकायचीही चोरी.

याआधी दोनदा असं झालंय. २०११ ते २०१३ आणि पुढे २०१९च्या सुरुवातीपासून मार्च २०२२पर्यंत ‘वावा’ची मुदत संपलेली होती. त्या काळात आम्ही अर्ज भरत होतो, ऑर्डर मिळवत होतो, अनुदानंही येत होती. तेव्हा मैत्रिणीला आजच सांगा: २०२७च्या त्या तारखेमुळे तिचा कुठलाही हक्क जाणार नाही. काँग्रेसने मुद्दाम वेगळा कायदा करून हक्क काढून घेतले तर गोष्ट वेगळी, पण मुदत संपणं म्हणजे ते नव्हे. ‘आता तुझ्या बाजूचा कायदाच उडाला’ हे वाक्य छळणाऱ्या नवऱ्याच्या फार कामाचं असतं. ते आपल्या मेसेजमधून त्याला आयतं मिळायला नको.

आता तिच्याविषयी. इथे ‘अवलंबून आहे’ हा शब्द मला पुन्हा पुन्हा वापरावा लागेल, कारण सगळं तिच्या नवऱ्याच्या व्हिसावर, मुलांवर आणि ती कुठल्या राज्यात राहते यावर ठरतं. नवरा एच-१बीवरच असेल, तर आय-३६०चा रस्ता तिला मोकळा नाही, कारण तो नागरिक नाही आणि ग्रीन कार्डधारकही नाही. त्याला ग्रीन कार्ड मिळालं की चित्र बदलतं. तोवर तिच्यासाठी एक तरतूद आहे जी आपल्या लोकांना जवळजवळ माहीतच नसते: एच व्हिसाधारकाच्या छळ झालेल्या जोडीदाराला स्वतःच्या नावाने काम करण्याची परवानगी मागता येते. अर्जाचा नंबर आय-७६५व्ही. नवऱ्याची ग्रीन कार्डची फाइल कुठवर आली याच्याशी त्याचा संबंध नाही. मात्र ही परवानगी कामाची, देशात राहण्याची नव्हे. घटस्फोट झाला की एच-४ दर्जा जातो. म्हणून वकिलाला विचारल्याशिवाय घटस्फोटाच्या कुठल्याही कागदावर सही करू नको, एवढं तिला बजावा.

दुसरा रस्ता यू व्हिसाचा. मारहाणीसारख्या गुन्ह्याची शिकार झालेल्या आणि तपासात मदत करणाऱ्या व्यक्तीला तो मिळू शकतो. नवरा कोणत्या व्हिसावर आहे याने फरक पडत नाही. पण त्यासाठी पोलीस किंवा सरकारी वकिलाचं प्रमाणपत्र लागतं, आणि वर्षाला फक्त १०,००० मुख्य अर्जदारांना व्हिसा द्यायचा अशी कायद्यातच मर्यादा आहे. रांग वर्षानुवर्षांची. रांगेतल्या अर्जदारांचे कागद प्रथमदर्शनी खरे वाटले तर त्यांना आधीच कामाची परवानगी द्यायची पद्धत २०२१मध्ये सुरू झाली, तेवढाच दिलासा.

आता ‘हक्क कायम आहेत तर मुदतवाढ मागायचीच कशाला?’ हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण ज्या ऑफिसात तुमचं पत्र जाईल तिथला कुणीतरी नक्की विचारेल.

माझं उत्तर त्या आय-७६५व्हीतच आहे. एच-४ बायकांना कामाची परवानगी १९९४च्या मूळ कायद्यात नव्हती. ती आली २००५च्या मुदतवाढीत. यू व्हिसा मूळ कायद्यात नव्हता, तो आला २०००मध्ये. आदिवासी राष्ट्रांच्या न्यायालयांना आपल्या भूमीवर आदिवासी बाईला मारणाऱ्या बाहेरच्या माणसावर खटला चालवता येत नव्हता, कारण १९७८च्या ओलिफंट निकालाने सुप्रीम कोर्टाने तो अधिकारच नाकारला होता. घरगुती हिंसाचारापुरता तो २०१३च्या मुदतवाढीत परत आला आणि २०२२मध्ये लैंगिक अत्याचार, पाठलाग, मुलांवरचा हिंसाचार इथपर्यंत वाढला. म्हणजे मुदतवाढ हा जुन्या कागदावरचा नवा शिक्का नसतो. कायद्यातली भोकं बुजवण्याची संधी पाच ते नऊ वर्षांनी एकदा येते, ती तिच्या निमित्ताने. मुदत संपलेल्या अवस्थेत सगळं चालू राहतं, पण नवं काहीही घडत नाही. आणि खर्चाला कात्री लावायची वेळ आली की ‘याला तर परवानगीच नाही’ म्हणून बोट दाखवायला अशाच योजना सोप्या पडतात. फॅमिली व्हायोलन्स प्रिव्हेन्शन अँड सर्व्हिसेस ॲक्ट हा १९८४चा कायदा बघा. शेल्टर आणि राष्ट्रीय हेल्पलाइनचा पैसा त्यातून येतो. त्याची मुदत २०१५मध्ये संपली. पैसे दर वर्षी मिळत राहिले, पण कायद्याचा मजकूर तिथेच अडकला.

तयार मजकुरात आणखी एक गोष्ट नसते: मुदतवाढ मिळते ती देवाणघेवाणीतून. २०१२मध्ये सिनेटने विधेयक ६८ विरुद्ध ३१ मतांनी मंजूर केलं. त्यात यू व्हिसाची मर्यादा वाढवण्याची तरतूद होती, समलिंगी जोडप्यांचं संरक्षण होतं, आदिवासी न्यायालयांचा अधिकार होता. प्रतिनिधिगृहाने ते अडवून आपलं वेगळं विधेयक केलं आणि दोन्ही बुडाली. २०१३मध्ये सिनेटमध्ये ७८ विरुद्ध २२ आणि प्रतिनिधिगृहात २८६ विरुद्ध १३८ मतांनी कायदा झाला. आदिवासी आणि समलिंगी तरतुदी टिकल्या, यू व्हिसाची वाढ गळली. पुढच्या खेपेला वाद बंदुकीचा. लग्न न झालेल्या जोडीदाराने मारलं तर त्याची बंदूक जायला हवी की नको, यावर २०१९चं विधेयक अडलं. प्रतिनिधिगृहाने ते २६३ विरुद्ध १५८ मतांनी पाठवलं, सिनेटने मतदानालाच घेतलं नाही. २०२२मध्ये तो भाग बाहेर ठेवून मुदतवाढ एका भल्यामोठ्या अर्थसंकल्पी विधेयकात घातली आणि १५ मार्चला सही झाली. बंदुकीचा मुद्दा त्याच जूनमध्ये दुसऱ्या कायद्यातून काही अंशी मार्गी लागला.

हा इतिहास सांगायचं कारण हे की ज्यांच्या बाजूने कुणी बोलत नाही त्या तरतुदी आधी गळतात. २०१३मध्ये आदिवासी बायकांच्या नेत्या वॉशिंग्टनला ठाण मांडून होत्या. यू व्हिसाच्या रांगेतल्या बायकांना मत नव्हतं, आणि त्यांच्या वतीने बोलणारेही बहुतेक वकीलच होते. आपल्या एच-४ बायका तर त्या यादीत कुणाच्या डोळ्यांसमोरच नसतात. आणि पत्राचं काम कायदा मंजूर झाल्यावरही संपत नाही. ती २००५ची कामाच्या परवानगीची तरतूद, तिच्यावर अध्यक्ष बुश यांनी जानेवारी २००६मध्ये सही केली. प्रत्यक्ष अर्ज भरता येऊ लागला २०१७मध्ये. मधली सगळी वर्षं कायद्यात हक्क होता आणि तो मागायला फॉर्म नव्हता.

तेव्हा नुसतं ‘वावाला मुदतवाढ द्या’ एवढंच लिहिलंत, तर बहुतेक ऑफिसांतून ‘प्रतिनिधी महिलांच्या सुरक्षेला सर्वोच्च प्राधान्य देतात’ असं छापील उत्तर येईल. कोण नाही म्हणणार? नेमकं काहीतरी मागा.

नेमकं म्हणजे काय ते कोर्टाच्या व्हरांड्यात नीट दिसतं. सोमवारी सकाळी तिथली गर्दी सगळ्यांत जास्त, कारण शनिवार-रविवारची भांडणं त्या दिवशी कागदावर येतात. बाकावर एक बाई बसलेली. मांडीवर लेकरू, हातात प्रोटेक्शन ऑर्डरचा कोरा फॉर्म, आणि ‘शेवटची घटना तारखेसह लिहा’ या रकान्यात पेन थांबलेलं. शेजारी संस्थेची मदतनीस. ती वकील नाही, पण न्यायाधीशांना काय लागतं ते तिला पाठ असतं. ‘नेहमी मारतो’ असं लिहू नका, ‘मंगळवारी रात्री गळा धरला, मला श्वास घेता येईना’ असं लिहा, हे ती सांगते. ऑर्डर मिळणं आणि न मिळणं यातलं अंतर पुष्कळदा एवढंच असतं. दुभाषा फोनवरून. बाई मराठी, ओळीवर हिंदीवाला. ‘हिंदी समजतं ना, मग झालं’ म्हणून काम उरकायचं. पण गळा धरला, पदर ओढला, माहेरच्यांना फोन करू देत नाही, हे माणूस घाबरलेलं असताना आपल्याच भाषेत सांगतं. हिंदीत सांगताना तीच बाई दोन वाक्यांत संपवते आणि न्यायाधीशांना वाटतं, विशेष काही नाही.

त्या मदतनीसेचा पगार आणि दुभाष्याच्या मिनिटांचे पैसे तीन-चार खिशांतून येतात. एक खिसा ‘वावा’चा. न्याय खात्याच्या ऑफिस ऑन व्हायोलन्स अगेन्स्ट विमेनला २०२३ साली सुमारे ७० कोटी डॉलर मिळाले. दुसरा, वर सांगितलेला शेल्टरचा. तिसरा आणि कित्येक संस्थांसाठी सगळ्यांत मोठा, १९८४च्या व्हिक्टिम्स ऑफ क्राइम ॲक्टचा. त्यातला पैसा करांतून येत नाही, संघराज्याच्या कोर्टांत गुन्हेगारांना, मुख्यतः मोठ्या कंपन्यांना, होणाऱ्या दंडातून येतो. सरकारी वकील खटला चालवण्याऐवजी कंपन्यांशी तडजोडी करू लागले आणि तो पैसा या निधीत न येता सरकारी तिजोरीत जाऊ लागला. २०२१मध्ये कायदा दुरुस्त करून ती गळती थांबवायचा प्रयत्न झाला, पण निधी पुन्हा भरायला वेळ लागतो. या निधीतून वर्षाला किती काढायचं ते काँग्रेस ठरवते: २०१८मध्ये सुमारे ४४० कोटी डॉलर, २०२४मध्ये सुमारे १३५ कोटी. मुदतवाढीच्या उत्सवात या आकड्याकडे कुणाचं लक्ष नसतं, आणि सोमवारी व्हरांड्यात मदतनीस दिसली नाही तर कारण बहुधा इथे सापडतं. माझं मत विचाराल तर एकाच गोष्टीसाठी पत्र लिहिण्याइतका वेळ असेल तर मी या निधीसाठी लिहीन.

आता तुमच्या ‘मी मतदार नाही’चं. प्रतिनिधिगृहाच्या जागा लोकसंख्येवरून वाटल्या जातात, मतदारसंख्येवरून नाही. तुम्ही त्या मतदारसंघाचे रहिवासी आहात, प्रतिनिधीकडे गाऱ्हाणं मांडायचा हक्क तुम्हाला आहे, आणि ऑफिस विचारतं तो पत्ता, नागरिकत्वाचा दाखला नव्हे. एच-१बीवर असताना निवडणुकीच्या उमेदवाराला देणगी मात्र देऊ नका, ते बेकायदा आहे. मंडळ जर धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेलं असेल तर एखाद्या विधेयकाच्या बाजूने पत्र पाठवायला मर्यादेत परवानगी असते, कुठल्या उमेदवाराला पाठिंबा द्यायला अजिबात नाही. मंडळाच्या कार्यकारिणीत कुणी ‘आपण राजकारणात पडायला नको’ म्हणालं, तर हा फरक समजावून सांगा. आणि आमच्यासारख्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थांना तो सरकारी पैसा अशा प्रचाराला वापरता येत नाही. त्यामुळे बाहेरच्या माणसाचं पत्र तुम्हाला वाटतं त्याहून जास्त कामाचं असतं.

ते वाचतो कोण? बहुधा पंचविशीतला एखादा कर्मचारी. त्याच्याकडे न्याय, इमिग्रेशन आणि आणखी दोन-तीन विषय असतात. आला ईमेल की विषयानुसार खात्यात टाकायचा, आकडा वाढवायचा, हे त्याचं काम. शंभर जणांनी तोच तयार मजकूर पाठवला तर बरेचदा एका ओळीत नोंद होते: ‘वावाच्या बाजूने, शंभर.’ ते अगदीच फुकट जात नाही, पण लक्षातही राहत नाही. लक्षात राहतं ते असं काहीतरी:

‘मी आपल्या मतदारसंघात राहतो. आमच्या जिल्हा कोर्टात प्रोटेक्शन ऑर्डरसाठी येणाऱ्या मराठी, तेलुगू, गुजराती बायकांना त्यांच्या भाषेचा दुभाषा मिळत नाही. वावाच्या मुदतवाढीत भाषासाहाय्यासाठी पैसा राखून ठेवावा, यू व्हिसाची १०,०००ची मर्यादा वाढवावी, आणि एच-४वरच्या छळ झालेल्या पत्नीला घटस्फोटानंतरही देशात राहून अर्ज करता यावा. आपण या तीन गोष्टींना पाठिंबा द्याल का, हे कळवावं.’

शेवटचं वाक्य विसरू नका. प्रश्न विचारला की कुणाला तरी उत्तर लिहावं लागतं, आणि उत्तर लिहिण्याआधी साहेबांना किंवा बाईंना विचारावं लागतं. दुभाष्याची तक्रार मात्र खरी असेल तरच लिहा. आधी स्थानिक संस्थेला फोन करून विचारा की तुमच्या जिल्ह्यात नेमकी अडचण काय आहे. न्यू जर्सीत १९८५पासून काम करणारी मानवी, न्यूयॉर्कची सखी, बे एरियातली मैत्री, शिकागोची अपना घर, ह्यूस्टनची दया अशा दक्षिण आशियाई संस्था आहेत. त्या दोन मिनिटांत सांगतील. पत्र कुणाला पाठवायचं हेही थोडं बघा. ‘वावा’चा मजकूर दोन्ही सभागृहांच्या न्यायविषयक समित्यांत शिजतो, तर पैसे सुटतात अर्थसंकल्पी समितीच्या उपसमित्यांत: न्याय खात्याचे वाणिज्य-न्याय-विज्ञान उपसमितीत, शेल्टरचे आरोग्य खात्याकडच्या उपसमितीत. तुमचा प्रतिनिधी त्यांपैकी कुठे असेल तर तुमच्या पत्राचं वजन आपोआप वाढतं. तो विरोधी मताचा असेल तर लिहू नये असंही नाही. २०१३मध्ये प्रतिनिधिगृहातल्या ८७ रिपब्लिकन सदस्यांनी बाजूने मत दिलं म्हणून तो कायदा झाला. अशा सदस्याला लिहिताना इमिग्रेशनच्या मागणीने सुरुवात न करता पोलिसांचं प्रशिक्षण आणि ग्रामीण भागातली शेल्टर यांनी करा. मागण्या त्याच ठेवा, क्रम बदला.

प्रोटेक्शन ऑर्डर कुणाला, किती काळ, कुठल्या कारणासाठी, मुलं कुणाकडे, हे सगळं राज्याचा कायदा ठरवतो, वॉशिंग्टन नाही. पासपोर्ट लपवणं, बँकेचं कार्ड काढून घेणं, फोनवर पाळत ठेवणं, या न मारता केलेल्या छळाला काही राज्यांनीच कायद्यात जागा दिली आहे. कॅलिफोर्नियाने २०२०मध्ये, कनेटिकटने २०२१मध्ये तसे कायदे केले. आपल्या घरांतला छळ पुष्कळदा याच जातीचा असतो. म्हणून त्याच पत्राची एक वेगळी आवृत्ती राज्याच्या विधिमंडळातल्या सदस्यालाही पाठवा. त्यांच्याकडे पत्रं कमी येतात, आणि फोन केलात तर कधीकधी सदस्य स्वतःच उचलतात.

मैत्रिणीची गोष्ट पत्रात घालावी का? माझं उत्तर: तिने स्वतःहून सांगितल्याशिवाय नाही. ‘नाव बदललं की झालं’ असं आपल्याला वाटतं, पण ‘एच-४वर आलेली, इंजिनिअर, दोन मुलांची मराठी आई’ एवढ्यावरून मंडळातला कुणीही बोट ठेवेल, आणि नवऱ्यापर्यंत ते पोचायला एक गणेशोत्सव पुरे. ती अजून त्याच घरात राहत असेल तर धोका नुसत्या बदनामीचा नाही. बाई सोडून जायच्या बेतात आहे असा संशय आला की हिंसा बहुधा वाढते. ग्रुपवर आलेल्या त्या मेसेजखाली दुरुस्ती लिहाल, तीही तिचा उल्लेख न करता. आणि तिच्या फोनवर काही पाठवू नका, भेटून सांगा. राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर १-८००-७९९-७२३३ आहे, चोवीस तास, तुमच्या फोनवरून तिला लावून द्या. पोलिसांत तक्रार केलेली नसली तरी फोन करता येतो. वकिलाची पहिली भेट ठरवताना तिने लग्नाचा दाखला, दोघांच्या व्हिसाच्या कागदांच्या प्रती आणि मुलांचे जन्मदाखले तुमच्याकडे किंवा ऑफिसात ठेवले तर पुढचं काम निम्मं होतं.

वेळेचं म्हणाल तर पैशाच्या मागणीचं पत्र वर्षाच्या सुरुवातीला, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये पोचलं पाहिजे. प्रतिनिधींची ऑफिसं अर्थसंकल्पी समितीकडे आपल्या मागण्या वसंतात पाठवतात आणि त्यानंतर आलेलं पत्र पुढच्या वर्षाच्या खात्यात पडतं. मुदतवाढीच्या मजकुराचं पत्र तर सप्टेंबर २०२७ची वाट न बघता आत्ताच लिहा. विधेयकाचा पहिला मसुदा ठरताना जे आत गेलेलं नसतं, ते नंतर घुसवणं फार अवघड जातं.